मोहर पाहून बाग विकायची का?

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र, थोडक्यात:

त्या २९ वर्षांच्या, धाकटा भाऊ २४ चा. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे सामने दोघांनी पाहिले आणि तेव्हापासून किंग्जचं वेड लागलं. चार वर्षांपूर्वी १२ मित्रांच्या डायनस्टी फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदावरचे संघ, हार-जीत त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर) बहीण-भावाने मिळून एक संघ घेतला. या लीगमध्ये खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात, जूनअखेर नवख्यांचा ड्राफ्ट म्हणजे निवड होते, वरचे क्रमांक कुणाला हे ठरवायला तळाच्या संघांमध्ये एनबीएसारखी लॉटरी निघते आणि पुढच्या वर्षांचे पिक, म्हणजे निवडीचे हक्कही, आपसात देता-घेता येतात. पैशांचा व्यवहार नाही. शेवटी राहील त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची.

त्यांचा संघ सातवा, आठवा, नववा असा दरवर्षी एक पायरी उतरतोय. आता एका मित्राने ३१ वर्षांचा स्टार फॉरवर्ड देऊ केलाय. बदल्यात त्याला हवेत यंदाचा आणि दोन वर्षांनंतरचा असे पहिल्या फेरीचे दोन पिक, मधल्या वर्षी पिक अदलाबदलीचा म्हणजे स्वॅपचा हक्क (दोघांतला वरचा पिक त्याने घ्यायचा), शिवाय त्यांचा २० वर्षांचा गार्ड. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. भाऊ म्हणतो, घेऊन टाकू. ताईंचं म्हणणं उलट: पिक सांभाळावेत, आणि असं मध्ये लोंबकळण्यापेक्षा एक वर्ष मुद्दाम हरून पहिला क्रमांक गाठावा. घरात अबोला आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'तसाही तो पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये शिकायला जर्मनीला जाणार, त्याला काय पडलंय.'

ताई,

तुमच्या पत्रात दोन वाक्यं शेजारीशेजारी आहेत. तुमचं, 'पिक म्हणजे सोनं.' भावाचं, 'पिक म्हणजे लॉटरीचं तिकीट.' दोघांचाही एक प्रश्न विचारायचा राहिलाय: पिक कुणाचा?

सोन्याचा भाव सगळ्या सराफांकडे जवळपास सारखा असतो. पिकचा नसतो. एनबीएत पहिल्या फेरीचा पिक पहिला निघू शकतो, तसा तिसावाही, आणि ज्या संघाचा तो पिक आहे तो संघ त्या वर्षी किती हरतो यावर ते ठरतं. दुसऱ्याचा पिक घेणं ही त्याच्या पडझडीवर लावलेली पैज. स्वतःचा पिक देणं म्हणजे तुम्ही बुडावं असं मनापासून वाटणारा एक माणूस लीगमध्ये तयार करणं. कोकणात मोहर पाहून आंब्याची बाग कराराने देतात, तिथे घेणारा निदान मोहर तरी बघतो. दोन वर्षांनंतरचा पिक देताना मोहरही आलेला नसतो, आणि झाड तुमचं असतं.

तुमच्यासमोरच्या सौद्याचा आराखडा जुना आहे. यंदाचा पिक, मधल्या वर्षी स्वॅप, मग पुन्हा पिक. असं एकाआड एक का? एनबीएत स्टेपियन नियम आहे: लागोपाठच्या दोन भावी वर्षांत कुठल्याच संघाला पहिल्या फेरीच्या पिकविना राहता येत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी इतके पिक देऊन टाकले की लीगला हा नियम करावा लागला. मधल्या वर्षी स्वॅप घातला की नियमही पाळला जातो आणि तिन्ही वर्षं समोरच्याच्या हातात जातात. तुमचा मित्र कच्चा गडी नाही.

याच आराखड्यावर जून २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने बॉस्टनकडून केविन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी घेतले. गार्नेट ३७ चा, पिअर्स ३५ चा. दिलं काय, तर २०१४, २०१६ आणि २०१८ चे पिक आणि २०१७ चा स्वॅप, सगळं विनासंरक्षण, म्हणजे पिक कितीही वरचा निघाला तरी द्यायचाच. नेट्स पहिल्या वर्षी ४४ सामने जिंकून प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरले. पुढच्या वर्षी पिअर्स निघून गेला, त्या मोसमाच्या मध्यावर गार्नेटही. मग संघ कोसळला, आणि प्रत्येक पराभवाचा फायदा बॉस्टनला. २०१६ चा पिक तिसरा निघाला, त्यातून जेलन ब्राउन. २०१७ ला स्वॅपमुळे थेट पहिला क्रमांक.

तुम्ही किंग्जच्या चाहत्या, म्हणून याच लॉटरीतली दुसरी गोष्टही सांगायला हवी. जुलै २०१५ मध्ये पगाराच्या मर्यादेत जागा करण्यासाठी किंग्जने फिलाडेल्फियाला तीन खेळाडू, पुढचा एक पहिल्या फेरीचा पिक आणि २०१६ व २०१७ चे स्वॅपचे हक्क दिले. स्वॅप ऐकायला निरुपद्रवी वाटतो, आपला पिक जात तर नाही, बदलतो फक्त. २०१७ ला लॉटरीत किंग्जचं नशीब उघडलं आणि तिसरा क्रमांक आला. फिलाडेल्फियाने तो उचलून आपला पाचवा पुढे सरकवला. पाचव्यावर किंग्जने डी'एरन फॉक्स घेतला, तो चांगलाच निघाला. पण तो तिसरा क्रमांक, पहिल्याच्या बदल्यात, बॉस्टनकडे गेला आणि त्यावर बॉस्टनने जेसन टेटम निवडला. सोबत किंग्जचा २०१९ चा पिकही बॉस्टनच्या खिशात. २०२४ चं अजिंक्यपद बॉस्टनने टेटम आणि ब्राउन यांच्या जोरावर जिंकलं. तेव्हा स्वॅपला 'फुकटातली वस्तू' समजू नका. तुमचं नशीब उघडेल तेव्हाच तो वापरला जातो.

आता भावाची बाजू, कारण तीही कमकुवत नाही. पिक देऊन अजिंक्यपदं आलीत. टोरोंटोने २०१८ मध्ये कवाय लेनर्ड एका वर्षाच्या बोलीवर घेतला, २०१९ ला जिंकले, तो निघून गेला, टोरोंटोत कुणी रडलं नाही. मिलवॉकीने २०२० मध्ये ज्रू हॉलिडेसाठी तीन पिक आणि दोन स्वॅप मोजले, २०२१ ला जिंकले. पण हे सौदे करताना हे संघ कुठे उभे होते ते बघा. टोरोंटो आदल्या मोसमात ५९ सामने जिंकलेला, मिलवॉकी साखळीत अख्ख्या लीगमध्ये पहिला. अशा संघाचा पिक नजीकच्या वर्षांत पंचविसाव्यानंतरच निघणार हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, म्हणून तो देणं परवडतं. टोरोंटोचा पिक तर पहिल्या २० मध्ये आला तर जाणार नाही अशा अटीचा होता, शेवटी २९ वा निघाला. तुमचा संघ १२ मध्ये नववा आहे. तुमचा पिक पहिल्या चारांत येऊ शकतो. मित्र मागतोय तुमचा पिक, पण भाव लावतोय मिलवॉकीच्या पिकचा.

म्हणून पहिला प्रश्न: या एका स्टारने तुम्ही नवव्याचे चौथे होता का? हे वाटण्यावर सोडू नका, मोजता येतं. तुमची लीग नऊ रकान्यांची आहे (गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, थ्री म्हणजे तीन गुणांच्या बास्केट, फील्ड गोल आणि फ्री थ्रो अशा दोन टक्केवाऱ्या आणि टर्नओव्हर म्हणजे गमावलेले चेंडू), आणि आठवड्यात ज्याचे जास्त रकाने सरस तो जिंकतो. गेल्या मोसमातले सगळे आठवडे काढा आणि किती आठवडे ४–५ असे एका रकान्याने हरलात ते मोजा. मग स्टारचे आकडे संघाच्या बेरजेत नुसते मिळवू नका. इथे बहुतेक जण चुकतात. जागा मर्यादित असतात, त्यामुळे स्टार आला की कुणीतरी बाहेर बसतो. स्टार सामन्याला २४ गुण देतो आणि बाहेर बसणारा १३, तर तुमची कमाई ११ ची, २४ ची नव्हे. त्यातून जाणाऱ्या गार्डचे आकडेही वजा करायचे. या हिशेबाने ४–५ चे पाच-सहा आठवडे उलटत असतील तर भावाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. तुम्ही बहुतेक आठवडे २–७ ने हरत असाल तर स्टार येऊनही ३–६ ने हराल.

सोबत स्टारने मागच्या तीन मोसमांत ८२ पैकी किती सामने खेळले ते बघा. तिशी ओलांडलेल्यांचा सामन्यामागचा आकडा बऱ्याचदा टिकतो, सामन्यांची संख्या आधी घसरते. फँटसीत प्लेऑफ मार्च-एप्रिलमध्ये असतात, नेमके तेव्हाच असे खेळाडू विश्रांतीला बसवले जातात. मार्चमधले सामने वेगळे मोजा.

मुद्दाम हरण्याचं आता. तुम्ही गृहीत धरलंय की तळ गाठला की वरचा पिक मिळतो. २०१९ पूर्वी एनबीएत सगळ्यात वाईट संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के शक्यता असायची. २०१९ पासून तळाच्या तिघांना सारखीच, १४ टक्के. तळापासून चौथ्याला १२.५. तुम्ही आज तळापासून चौथ्याच आहात. तुमच्या लीगने हाच तक्ता उचलला असेल तर अख्खं वर्ष हरून तुम्ही दीड टक्का कमावणार, वर १२ जणांची मिसळ. एक गोष्ट मात्र खरी: सगळ्यात वाईट संघ पाचव्याच्या खाली घसरत नाही, चौथा आठव्यापर्यंत घसरू शकतो. ती हमी काही किमतीची आहे. पण तिचा चेहरा कसा असतो तेही बघा. २०२३ मध्ये डेट्रॉइट सगळ्यात तळाला, पिक पाचवा. २०२४ मध्ये पुन्हा डेट्रॉइट, पुन्हा पाचवा. २०२५ मध्ये यूटा, पाचवा. आणि त्याच २०२५ ला १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागून कूपर फ्लॅग मिळाला, लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून तीन महिने झाले होते त्यांना.

'मध्ये लोंबकळणं सगळ्यात वाईट' हेही घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे. अंतिम फेरीचा संघ बांधताना इंडियाना पेसर्स तळ गाठायला गेले नाहीत. त्यांनी आधी एका ट्रेडमध्ये टायरीस हॅलिबर्टन घेतला, मग तीन पिक देऊन पास्कल सिआकम, आणि २०२५ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गेले. मधल्या संघाकडे पर्याय असतात. घाई असली की ते दिसत नाहीत.

तुमच्या पत्रात 'फर्स्ट-राऊंडर' हा शब्द सात वेळा आलाय, 'प्रोटेक्शन' एकदाही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सला सोडताना किंग्जना पहिल्या फेरीचे तीन पिक मिळाल्याचं तुम्ही वाचलं असेल. त्यातला शार्लटचा २०२५ चा पिक १ ते १४ संरक्षित होता, म्हणजे शार्लट प्लेऑफला गेला तरच मिळणार. शार्लट तेव्हा तळात चाचपडत होता. त्या पिकचे शेवटी दुसऱ्या फेरीचे दोन पिक झाले. दुसऱ्या फेरीत काय मिळतं? २०१४ मध्ये ४१ वा निकोला योकिच. २०१५ मध्ये ५२ वा आपला सतनाम सिंग, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू, ज्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. या दोन टोकांमध्ये दुसऱ्या टोकाकडची गर्दी खूप मोठी आहे. योकिचचं नाव घेऊन कुणी दुसऱ्या फेरीचा पिक महाग विकायला आला तर हसून चहा पाजा.

यंदाचा पिक ठेवलात तर कुणाला घ्यावं, असंही विचारलंय: १९ वर्षांचा उंच उडणारा फॉरवर्ड की २२ वर्षांचा नेमबाज. नावं तुम्ही दिली नाहीत, बरं केलंत, नावाने डोकं फिरतं. थ्रीच्या टक्केवारीवर फार विसंबू नका. नेमबाजाने कॉलेजच्या मोसमात १२० थ्री मारले असतील तर ४० टक्के म्हणजे ४८ आणि ३५ टक्के म्हणजे ४२. सहा चेंडूंचा फरक, दोन चांगल्या संध्याकाळी. फ्री थ्रोची टक्केवारी शेजारी ठेवा. थ्री ४० टक्के आणि फ्री थ्रो ६५, असं असेल तर थ्रीवर शंका घ्या. वयाचाही हिशेब करा: तेच आकडे १९ व्या वर्षी असतील तर ते २२ व्या वर्षीच्या आकड्यांपेक्षा बरेच मोलाचे, कारण बावीसवाला आपल्याहून लहान पोरांशी खेळत असतो.

समोर कोण होतं, हा प्रश्न तर सगळ्यात आधी. २०१८ मध्ये किंग्जकडे दुसरा पिक होता. त्यांनी मार्विन बॅगलीला घेतलं. डॉन्चिच त्याच ड्राफ्टमध्ये उपलब्ध होता, तेव्हा १९ वर्षांचा, आणि रेआल माद्रिदकडून पुरुषांच्या युरोलीगचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. फॉक्स असताना चेंडू हाताळणारा दुसरा कशाला, असाही युक्तिवाद तेव्हा चालायचा. संघाची आजची गरज बघून पहिल्या पाचातला पिक वापरू नये, त्याचं यापेक्षा दुखरं उदाहरण किंग्जच्या चाहत्याला देता येणार नाही. फँटसीपुरती एक पुस्ती जोडा: भरपूर मिनिटं मिळणारा नवखा गार्ड गुण देतो, पण टर्नओव्हर आणि फील्ड गोल टक्केवारीत खड्डा पाडतो. उंच खेळाडू ब्लॉक आणि टक्केवारीत लवकर कामी येतात.

आणि यंदाचा पिक विकायचाच असेल तर ड्राफ्टच्या आठवड्यात विका. लॉटरी झाली की त्या पिकमध्ये प्रत्येकाला आपापला फ्लॅग दिसतो. आपल्याकडे पहाटे साडेपाचला ड्राफ्ट सुरू होऊन नाव उच्चारलं गेलं की तिथून भाव उतरू लागतो, कारण आता तो एक ठराविक मुलगा असतो, ठराविक उणिवांसह.

तर शनिवारचं उत्तर. आहे तसा सौदा घेऊ नका, पण नुसतं 'नाही' म्हणून दारही लावू नका. मित्राला दोन प्रस्ताव पाठवा. एक: यंदाचा पिक आणि दुसऱ्या फेरीचे दोन. गार्ड नाही, स्वॅप नाही. दुसरा: गार्ड आणि दोन वर्षांनंतरचा पिक, पण १ ते ४ संरक्षित, आणि त्या वर्षी पहिल्या चारांत आला तर त्याचे दुसऱ्या फेरीचे दोन पिक होऊन विषय संपला. 'नाही मिळाला तर पुढच्या वर्षी' अशी सरकती अट मान्य करू नका. तिच्यामुळे त्यापुढच्या वर्षांचे तुमचे पिकही अडकतात, कारण कोणतं वर्ष जाणार हेच ठरलेलं नसतं. स्वॅप द्यावाच लागला तर लिहून घ्या: कोणत्या फेरीचा, कुणाच्या कोणत्या पिकशी, लॉटरीनंतर किती दिवसांत सांगायचं, आणि मधेच कुणी लीग सोडली तर काय. मित्रांच्या लीगमध्ये भांडणं नेमकी या शेवटच्या मुद्द्यावर होतात.

दोन्ही नाकारले तर डिसेंबरपर्यंत थांबा. दर मोसमात ख्रिसमसच्या सुमाराला तळाला गेलेला एखादा मालक तिशीपलीकडचा स्टार स्वस्तात काढतो. तेव्हा तुम्ही पाचवे-सहावे असाल तर बेलाशक घ्या. तोवर तुमचा पिकही कितवा निघणार याचा अंदाज आलेला असेल.

राहिली पत्रातली शेवटची ओळ. 'त्याला काय पडलंय' असं तुम्ही लिहिलंत. त्याला पडलंय, म्हणून तर घाई करतोय. तुम्हाला पुढची पाच वर्षं दिसतात, त्याला एक मोसम दिसतो. २०२२ च्या फेब्रुवारीत वरळीतल्या त्याच दोन संघांनी ट्रेड केला. किंग्जनी २१ वर्षांचा हॅलिबर्टन दिला आणि डोमंटास सबोनिस घेतला. पुढच्याच मोसमात ४८ विजय, पश्चिमेत तिसरा क्रमांक, आणि १६ मोसमांच्या प्लेऑफ-उपासाचं पारणं फिटलं. पेसर्सना फळ मिळायला वेळ लागला आणि अधिक गोड मिळालं. कोण फसलं यावर अजून वाद होतात, पण दोघांनी वेगवेगळी वर्षं विकत घेतली होती. फरक इतकाच की ते दोन संघ होते. तुम्ही दोघं एका संघात बसून हेच करताय.

म्हणून आकडे मांडायच्या आधी त्याला एक गोष्ट विचारा: जर्मनीला गेल्यावर तो या संघात असणार आहे का? असणार असेल तर दोन वर्षांनंतरचा पिक त्याचाही आहे, आणि तो तसा बोलू लागेल. नसणार असेल तर यंदाचा पिक त्याच्या मर्जीने खर्च करा, पुढचे तुमच्याकडे ठेवा, आणि ही वाटणी आजच ठरवा. लीगचं लॉगिन कुणाच्या ईमेलवर आहे तेही बघून घ्या.